सोलापूरच्या उन्हात दुरंगी पानांची सदाहरित झुडपं: जगवायची कशी आणि विषारी कुठली?

जुळेसोलापूरची_मी

नमस्कार मंडळी. पाऊस पडायच्या आत अंगण लावून घ्यायचं आहे, म्हणून हा धागा. जुळे सोलापुरात आमचं बसकं घर आहे. पूर्वेला छोटं अंगण, पश्चिमेला कंपाउंडची भिंत. त्या भिंतीवर दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन असतं. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं, बाकी सगळी भिस्त बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो.

मला बारा महिने पानं राहतील अशी, हिरव्यात पांढरा-पिवळा रंग असलेली झुडपं हवी आहेत. नर्सरीवाल्यांनी व्हेरिगेटेड कण्हेर, क्रोटन, गोल्डन दुरंता आणि चितकबरी तगर एवढी नावं दिली. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज शेळ्या चरायला येतात. सासूबाईंना देवाला फुलं लागतात, त्यामुळे त्यांचा ओढा कण्हेरीकडे. एक शेजारी म्हणतात कण्हेर जहर आहे, दुसरे म्हणतात अख्ख्या हायवेच्या मधोमध तीच लावलीय, काय होतंय? नक्की काय समजायचं?

भीमाकाठ

ताई, दोन्ही शेजारी बरोबर आहेत. कण्हेर खरोखर जहर आहे, आणि म्हणूनच ती हायवेवर आहे. कडू असल्यामुळे मोकाट गुरं हिरव्या झाडाला तोंड लावत नाहीत, पाण्यावाचून तग धरते, धूर-धूळ सोसते आणि भर उन्हात फुलते. पुणे-हैदराबाद रस्त्यावर मे महिन्यात बाकी सगळं करपलेलं असतं तेव्हा दुभाजकात गुलाबी-पांढरं काय दिसतं ते बघा.

विषाचं नंतर बोलू, जाणकार येतीलच. आधी जगवण्याचं सांगतो, कारण इथे निम्मी झाडं पहिल्या उन्हाळ्यातच जातात.

पानाचा जो भाग पांढरा किंवा पिवळट असतो तिथे हरितद्रव्य नसतं किंवा फार कमी असतं. म्हणजे त्या झाडाचं स्वयंपाकघरच अर्धं. ते साध्या हिरव्या भावंडापेक्षा हळू वाढतं आणि ऊनही आधी त्या पांढऱ्या कडेलाच लागतं. आपल्याकडे पारा ४२-४४ ला टेकतो. अशा वेळी पश्चिमेच्या भिंतीजवळ क्रोटन किंवा चितकबरी तगर लावली तर कडा कागदासारख्या तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. भिंत दिवसभर तापते आणि रात्री उष्णता सोडत राहते, म्हणजे झाडाला रात्रीचीही सुटका नाही. पूर्वेच्या अंगणात मात्र हीच झाडं बघत राहावीत अशी होतात. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी घराची सावली, एवढं त्यांना पुरतं. क्रोटनला अगदी अंधारात ठेवलं तर लाल-पिवळा रंग उतरून ते हिरवट पडतं, तेव्हा सावलीचाही अतिरेक नको.

पश्चिमेला टिकणारी नावं थोडीच. कण्हेर, चितकबऱ्या पानांची बोगनवेल आणि बारीक पानांचं पोर्टुलाकारिया. हे तिसरं नर्सरीत बऱ्याचदा 'जेड' म्हणूनच विकतात. जाड, रसाळ पानं, पिवळसर कडा, पाणी कमीच मागतं.

मातीशी_नातं

भीमाकाठ यांना अनुमोदन. त्यात एक भर. आपली काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. निम्मी लाल किंवा पोयट्याची माती, बाकी शेणखत, कोकोपीट आणि तळाशी थोडा बारीक मुरूम. जमिनीतच लावायचं असेल तर खड्डा मोठा घ्या आणि बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा. जिल्हाभर पाचट जाळतात, तेच चार पोती कुणाकडून आणलं तर उन्हाळाभर ओल धरून ठेवतं. फक्त खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

कोथरूडची_बाग

मी स्पष्टच बोलते. घरात रांगतं-चालतं मूल असताना विषारी झाड लावायचा विचारच का करायचा? कण्हेर, क्रोटन, दुरंता, तगर, चारही विषारी यादीत आहेत. सगळी रद्द करा. सुंदर दिसणं बाळापेक्षा मोठं नाही.

भीमाकाठ

कोथरूडताई, काळजी रास्त आहे. पण चौघींना एकाच मापाने मोजलं की त्या यादीचा उपयोगच संपतो. विषारी म्हणजे किती, झाडाचा कुठला भाग आणि काय केल्यावर, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर येत नाही.

कण्हेर सर्वांत वरच्या पायरीवर. पान, फूल, खोड, मूळ, बी सगळंच विषारी, आणि ते विष थेट हृदयावर काम करतं. पान दुरंगी असो की साधं, विषात फरक नाही. तिची बहीण पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, तिच्या बिया तर त्याहून घातक. बिट्ट्यांनी खेळलेले लोक इथेही असतील. वरचं कवच टणक असतं म्हणून खेळ निभावून गेले, आतला गर पोटात जाणं ही वेगळी गोष्ट.

दुरंताची फळं विषारी. पिवळीधमक, मण्यांच्या घोसासारखी लटकतात आणि लहान मुलाला बोलावतातच. पाखरं ती खातात आणि त्यांना काही होत नाही, त्यामुळे माणसांची फसगत होते. कुंपण सारखं कापत राहिलं तर फूल-फळ फारसं धरत नाही. पण छाटणी एक हंगाम राहिली की घोस लागतात.

क्रोटन आणि तगर यांचं मुख्य दुखणं चीक. कातडीला खाज, पुरळ, डोळ्यात गेला तर भयंकर आग. क्रोटनचं पान चघळलं तर तोंडाची आग, उलटी, जुलाब होऊ शकतात, पण ते इतकं तिखट-कडवट असतं की सहसा मूल दुसरा घास घेत नाही. आणि बागेतलं क्रोटन म्हणजे जमालगोटा नव्हे. जमालगोट्याचं शास्त्रीय नाव क्रोटन, आपल्या शोभेच्या झाडाचं कोडिईयम. नावाच्या या घोळामुळे बऱ्याच जणांना क्रोटनची नको तितकी भीती बसलीय.

मोहोळचा_पशुवैद्य

धागा उशिरा पाहिला, पण शेळ्यांचा उल्लेख वाचून लिहायला बसलो. बाळाबद्दल सगळे बोललात, शेळ्यांबद्दल कुणीच नाही, आणि माझ्या कामात कण्हेर येते ती शेळी आणि गायीच्याच रूपाने.

उभ्या झाडाने जनावर सहसा मरत नाही. हिरवं पान कडू लागतं, शेळी हुंगते आणि पुढे जाते. जनावर मरतं ते तोडलेल्या फांदीने. कुणीतरी कुंपण छाटतं, फांद्यांचा भारा गेटबाहेर टाकतं. दोन दिवसांत पानं सुकतात, कडवटपणा कमी जाणवतो, विष मात्र तसंच राहतं. उन्हाळ्यात हिरवा चारा कुठे दिसत नाही, भुकेलं जनावर त्या ढिगात तोंड घालतं. कधी ती पानं कडब्याच्या पेंढीत किंवा उकिरड्यावरच्या गवतात मिसळतात, मग निवडून बाजूला टाकणं जनावराला जमतच नाही. गायीला मारायला मूठ-दोन मुठी पानं पुरतात, शेळीला त्याहून बरीच कमी.

लक्षणं म्हणजे चरणं बंद, पोटदुखी, जुलाब, कधी रक्ताचे, तोंडातून लाळ, धाप, पाय लटपटणं. आणि पुष्कळदा लक्षणं दिसायच्या आत सकाळी जनावर मेलेलंच सापडतं. मालक म्हणतो साप चावला. पोट उघडलं की आत लांबट पानांचे तुकडे मिळतात, मधली शीर जाड, दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेषा. ते पान एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

ताई, म्हणून तुमच्या मागच्या प्लॉटच्या बाजूला कण्हेर नको, एवढी हात जोडून विनंती. भिंतीवरून फांदी पलीकडे झुकणार, कुणी तरी छाटणार आणि भारा शेळ्यांच्याच वाटेवर पडणार. शेळ्या ज्यांच्या आहेत त्यांचं घर त्यांच्यावर चालतं. आपल्या कुंपणापायी त्यांची एक शेळी गेली तर आपण भरून देऊ शकतो का, हाही विचार व्हावा.

होटगीरोडकर

डॉक्टरसाहेब, लई मोलाचं सांगितलं. आमच्या कॉलनीत दरवर्षी छाटणी होते आणि ढीग रस्त्याकडेलाच पडून राहतो. हा प्रतिसाद कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतोय, चालेल ना?

एक विचारायचं होतं. आमच्याकडे अजून पितळी बंब आहे. हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्याला वाळकी लाकडं घालतो. कण्हेरीची खोडं त्यात घातली तर?

मोहोळचा_पशुवैद्य

जरूर टाका. आणि बंबात अजिबात नको. कण्हेर जळताना निघणारा धूरसुद्धा विषारी असतो. चुलीत नको, शेकोटीत नको, हुरड्याच्या आगटीत तर नकोच. फांद्या गोळा करा, जनावर पोचणार नाही अशा जागी खोल खड्डा काढून पुरून टाका किंवा पोत्यात घट्ट बांधून घंटागाडीला द्या आणि आत काय आहे ते त्यांना सांगा.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे, आकस्मिक विभागात काम केलंय. बाळाच्या बाजूने लिहिते.

कण्हेर किंवा बिट्टी पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी घरी वाट बघायची नाही. आधी मळमळ, उलट्या, पोटात कळ येते, म्हणून लोकांना वाटतं बाधलं असेल काहीतरी. नंतर नाडी मंद होते, ठोके चुकतात, चक्कर येते. हा बदल काही तासांनीही होऊ शकतो, म्हणजे मूल खेळतंय म्हणून निश्चिंत होता येत नाही. घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. तोंडातले तुकडे बोटाने काढा, तोंड पुसून घ्या आणि झाडाची पानं-फुलं असलेली एक डहाळी पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ 'काय खाल्लं' हे शोधण्यात जातो, ती डहाळी तो वाचवते. तिकडे ईसीजी लावतात, पोटॅशियम तपासतात, गरजेप्रमाणे औषधी कोळशाची पूड (ॲक्टिव्हेटेड चारकोल, चुलीतला कोळसा नव्हे) देतात. या विषाची घडण डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे त्याच्यावरच्या अँटीबॉडी इथेही लागू पडतात. श्रीलंकेत बिट्टीच्या बियांनी होणारी विषबाधा फार आहे. तिथल्या रुग्णांवर या अँटीबॉडींची चाचणी झाली आणि २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र हे औषध महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून वेळ घालवू नये. घरातलं कुणी डिगॉक्सिन घेत असेल तर कण्हेरीपासून दुप्पट जपा.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते फोनवर मार्गदर्शन करतात. पण फोन रुग्णालयाच्या वाटेवरून लावायचा, घरी बसून नाही.

चीक डोळ्यात गेला तर चोळायचं नाही. स्वच्छ वाहतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, पापणी उघडी धरून. मग डोळ्यांचे डॉक्टर. दूध, मध, गुलाबपाणी यातलं काही घालू नका.

आणि एक. आयुर्वेदात करवीर म्हणून कण्हेरीचा उल्लेख येतो हे ऐकून लोक मुळीचा लेप, पाल्याचा काढा घरीच करतात. तिथे तिची गणना उपविषांत आहे आणि शोधन, म्हणजे विष सौम्य करण्याची शास्त्रोक्त प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. घरगुती काढा म्हणजे जिवाशी खेळ.

कोथरूडची_बाग

शुश्रूषा, फार आभार. हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. बाळ मोठं होईपर्यंत कण्हेर नकोच. क्रोटनबद्दल भीमाकाठ यांचं म्हणणं मान्य. पण घरात डिफेनबॅकिया असेल तर तेही उचला. पानात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात, चावलं की जीभ-घसा सुजतो. चितकबऱ्या शेफलेरातही तेच.

जुळेसोलापूरची_मी

सगळ्यांचे आभार. कण्हेर रद्द, हे ठरलं. सासूबाईंना पशुवैद्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या माहेरच्या शेतकरी, लगेच म्हणाल्या, "मग नकोच गं बाई." सिद्धेश्वराला वाहायला फुलं बाजारात मिळतात.

आता दुसरं. आईकडून आणलेली चितकबरी जास्वंद आणि एक तगर कुंडीत आहे. जास्वंदीला मधूनच एक फांदी पूर्ण हिरवी फुटलीय आणि बाकी झाडापेक्षा जोरात वाढतेय. तगरीची नवीन पानं पूर्ण पिवळी येतात. ही तिची नक्षी समजायची की रोग?

वनस्पतीशिक्षक

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सविस्तर लिहितो.

अशा बऱ्याच झाडांच्या शेंड्यात दोन जातींच्या पेशी एकत्र नांदत असतात. एका थरातल्या पेशी हरितद्रव्य बनवू शकतात, दुसऱ्या थरातल्या नाहीत. शेंडा वाढताना दोन्ही थर आपापल्या जागी राहिले तर पान दुरंगी येतं. कधी कोंब नुसत्या हिरव्या पेशींतून फुटतो, मग ती फांदी निव्वळ हिरवी. तिच्याकडे अन्न करायची ताकद जास्त, म्हणून ती धावते आणि हळूहळू झाडाचा ताबा घेते. अर्धवट छाटू नका, जिथून फुटलीय तिथून मुळापासून काढा आणि हे लवकर करा. उलट, एखादी फांदी पूर्ण पांढरी आली तर तीही काढा. दिसायला सुरेख असते, पण स्वतःचं पोट भरत नाही, बाकीच्या झाडाच्या जिवावर जगते.

याच कारणाने अशी नक्षी बियांतून सहसा उतरत नाही, कलमच लागतं. क्रोटनची रंगसंगती निराळ्या कारणाने येते, पण हुबेहूब तसंच झाड हवं तर तिथेही कलमच. सांगोल्याकडे डाळिंबाला गुटी बांधतात तशीच क्रोटनला पावसाळ्यात बांधली की छान मुळं धरतात. बोटाएवढ्या जाड फांदीची साल कड्यासारखी काढा, चीक पुसा, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधा.

आता तगर. नवीन पान तोडून उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जाळीसारखं दिसत असेल तर ती लोहाची कमतरता. नक्षीचे डाग शिरांची शिस्त पाळत नाहीत, कडेने किंवा मनमानी ठिपक्यांनी येतात. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी असल्याने मुळांना घेता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा मातीत ईडीटीए प्रकारचं लोह लवकर निकामी होतं, ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) मागा. महाग आहे, पण कुंडीला चिमूटभरच लागतं. तात्पुरता इलाज हिराकशीची (फेरस सल्फेट) फवारणी. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, आणि आधी एकाच फांदीवर, कारण पांढऱ्या कडा नाजूक असतात.

मातीशी_नातं

पाण्याचं राहिलं. एसीचं गळणारं पाणी क्षारमुक्त असतं, ते कुंड्यांना घाला. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र कुंडीत घालू नका, त्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी धुवायला. पानांची टोकं जळत असतील तर महिन्यातून एकदा कुंडीला चांगलं पाणी भरपूर द्या, तळाच्या भोकातून वाहू द्या, साचलेले क्षार निघून जातील. युरियाची मूठ टाकू नका. नुसता हिरवा पाला सुटतो आणि पिठ्या ढेकणाला मेजवानी होते.

कोरड्या उन्हाळ्यात क्रोटनवर लाल कोळीही येतो. पानाखाली बारीक जाळं, वरून पान धुळकट. सकाळी पाइपने पानांच्या पाठी जोरात धुतल्या तरी पुष्कळ आटोक्यात राहतो.

होटगीरोडकर

क्रोटन नवीन आणलं की आठ दिवसांत सगळी पानं गाळतं, तेव्हा उपटून टाकू नका बरं का. जागा बदललेली त्याला सोसत नाही. नखाने साल खरवडा, आत हिरवं असलं तर पाणी बेतानं देत राहा, फुटतं.

जुळेसोलापूरची_मी

मग असं करते. पूर्वेच्या अंगणात चितकबरी जास्वंद पुढे, ती निर्धोक आहे असं वाचलं. क्रोटन तीन फुटी कट्ट्यावर, बाळाच्या हाताबाहेर. पश्चिमेला मोठ्या कुंड्यांत पोर्टुलाकारिया आणि कोपऱ्यात बोगनवेल. दुरंता नाही. तगरीचं काय करू? फुलं सासूबाईंना हवीत.

भीमाकाठ

जास्वंद निर्धोक, बरोबर. पोर्टुलाकारियाही. त्याची पानं शेळ्या आवडीने खातात, तेव्हा जाळी लावा. बोगनवेलीला काटे आहेत, कोपरा योग्य.

तगर ठेवा, पण बाळाचा हात पोचणार नाही तिथे. फुलं तोडताना देठातून चीक येतो, म्हणून सासूबाईंना सांगा, परडी खाली ठेवून आधी हात धुवायचे, मग बाळाला घ्यायचं. छाटणी कराल तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि कात्री नंतर साबणाने धुवून ठेवायची. तुकडे त्याच वेळी झाडून गोळा करा, अंगणात एक पानही राहू देऊ नका. आणि लागवड आत्ता मे महिन्यात नको. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊ द्या, माती निवू द्या, मग लावा. तोवर आणलेल्या कुंड्या पूर्वेच्या पडवीत हिरव्या जाळीखाली असू द्या.

जुळेसोलापूरची_मी

चालेल. जास्वंदीची हिरवी फांदी आज संध्याकाळीच काढते. कुणाकडे पिवळ्या ठिपक्यांच्या क्रोटनची गुटी पावसाळ्यात बांधणार असाल तर माझं नाव लिहून ठेवा.

होटगीरोडकर

लिहिलं. आमच्याकडे दोन रंग आहेत, दोन्हीची बांधतो. मुळं दिसली की इथेच कळवतो.